शिंदीच्या खाचा : लातूरहून माहूरकडे

स्वीडनला निघालेल्या प्रवाशाच्या हाती जी माहितीपुस्तिका पडते, तिच्यात दारूसाठी एक पान हमखास राखलेले असते. हलक्या बिअरपेक्षा कडक काही हवे असेल तर सिस्टेमबोलागेट या सरकारी दुकानातच जावे लागते, वीस वर्षे पूर्ण नसतील तर तिथे बाटली मिळत नाही, शनिवारी दुपारीच दुकान बंद होते आणि रविवारी ते उघडतच नाही. नॉर्वे आणि फिनलंडमध्येही थोड्याफार फरकाने हीच पद्धत आहे. नांदेड-लातूरकडे येणाऱ्या पाहुण्याला मात्र असे पान कोणी देत नाही. त्याला सचखंड गुरुद्वारा, माहूरगड आणि उदगीरचा किल्ला एवढीच नावे सांगितली जातात. वास्तविक इथला कायदा कागदावर स्वीडनपेक्षा कडक आहे आणि त्याचा इतिहास कितीतरी गुंतागुंतीचा आहे. लातूरहून उदगीर, देगलूर, बिलोली करत नांदेडला आणि तिथून भोकर, हिमायतनगर, किनवटमार्गे माहूरला जाणारा रस्ता त्या इतिहासातूनच जातो. त्या वाटेवर एकच गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसते. या मुलखात दारूचा कायदा प्रत्येक राजवटीत तिजोरीकडे बघून लिहिला गेला, आणि ‘आमच्या गावात नको’ म्हणण्याचा हक्क गावाला दर वेळी झगडून घ्यावा लागला.

सुरुवात लातूर बसस्थानकाजवळच्या पाट्यांपासून करावी. ‘परमिट रूम’ ही अक्षरे इथे इतकी सवयीची झाली आहेत की परमिट कसले, हा प्रश्न कोणाला पडत नाही. ते परमिट म्हणजे पिण्याचा परवाना. महाराष्ट्रातला मूळ कायदा दारूविक्रीचा नाही, दारूबंदीचा आहे. मोरारजी देसाईंच्या काळात झालेला १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आजही लागू आहे. फक्त त्याच्या नावातली ‘मुंबई’ जाऊन ‘महाराष्ट्र’ आले. या कायद्याने दारू बाळगणे आणि पिणे यांवर सरसकट बंदी घातली आणि मग अपवाद म्हणून परवाने ठेवले : प्रकृतीसाठी, परदेशी पाहुण्यांसाठी, पर्यटकांसाठी. आज एक दिवसाचा, एक वर्षाचा किंवा आयुष्यभराचा परवाना नाममात्र पैशांत निघतो. बिअरसाठी एकवीस आणि कडक दारूसाठी पंचवीस वर्षांची अट आहे. ढाब्यावर जेवताना बाटली उघडली आणि ढाब्याला परवाना नसेल, तर ढाबेवाल्यावर कलम ६८ आणि गिऱ्हाइकावर कलम ८४ लागू शकते. हायवेच्या ढाब्यांवर पोलिसांचे छापे पडल्याच्या बातम्या येतात त्या याच कलमांखालच्या. बाहेरगावच्या माणसाने एवढे तरी माहीत करून घ्यावे.

मराठवाड्यात हा कायदा आला तोही उशिरा आणि बाहेरून. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला, तोवर इथे हैदराबादचा अबकारी कायदा चालू होता. तो १३१६ फसलीतला, म्हणजे १९०६-०७ च्या सुमाराचा. १९५९ मध्ये मुंबईच्या दारूबंदीचा विस्तार इकडे झाला. त्यानंतर १९७३ च्या नियमांनी देशी दारूची सरकारमान्य दुकाने सुरू झाली. ज्या राज्याने बंदी आणली, त्याच राज्याने पंधरा वर्षांच्या आत देशी दारूचे परवाने दिले आणि बंदीचा कायदा मात्र तसाच ठेवला. याला कायद्याची चालढकल म्हणणे सोपे आहे, पण मला त्यात निश्चित हिशेब दिसतो. बंदी ठेवली की प्रत्येक पेला अपवाद ठरतो, आणि प्रत्येक अपवादावर शुल्क घेता येते.

इथे स्वीडनचे उदाहरण पुन्हा घ्यावे लागते, कारण परवान्याचे पुस्तक त्यांच्याकडेही होते. इव्हान ब्रॅट या डॉक्टरच्या पुढाकाराने तिथे ‘मोटबूक’ आले. प्रत्येक खरेदीची त्यात नोंद व्हायची आणि महिन्याला ठरलेल्या मापापलीकडे दारू मिळत नसे. लग्न झालेल्या बाईला ते पुस्तक मिळतच नसे, हा त्या पद्धतीवरचा मोठा डाग. १९२२ मध्ये संपूर्ण दारूबंदीवर सार्वमत झाले, त्यात बंदीचा प्रस्ताव थोडक्या फरकाने पडला. १९५५ मध्ये मोटबूकही गेले. टिकला तो त्याच्याही आधीचा, १८६५ मध्ये गोटेनबर्ग शहरात रुजलेला विचार : दारू विकणाऱ्याला जास्त विकण्यात फायदा उरता कामा नये. परवानेधारकाचा नफा काढून घ्या म्हणजे आणखी एक पेला खपवण्याची घाई आपोआप कमी होते. महाराष्ट्राने परवान्याचे पुस्तक ठेवले, पण हा विचार घेतला नाही. आपल्याकडे दुकानदाराला खपात फायदा आहे, सरकारलाही खपातच फायदा आहे, आणि उत्पादन शुल्क खात्याला दर वर्षी वाढते महसुली उद्दिष्ट दिले जाते. मद्यावर राज्याला वर्षाला हजारो कोटी रुपये मिळतात. असे असताना ‘दारूबंदी’ हे नाव कायद्याच्या माथ्यावर ठेवणे मला अप्रामाणिक वाटते.

लातूरच्या आसपास या हिशेबाला आणखी एक बाजू आहे. मांजरा काठचा ऊस साखर कारखान्यात जातो, साखरेमागे मळी उरते, आणि राज्यातली देशी दारू प्रामुख्याने या मळीच्या स्पिरिटची असते. २००७ मध्ये तर राज्य सरकारने ज्वारी-बाजरीसारख्या धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचे धोरण आणले होते. ज्वारी पिकवणाऱ्या आणि तीच भाकरी खाणाऱ्या प्रदेशातून त्यावर टीका झाली, आणि ती योग्यच होती. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून दहा वाघिणींची पहिली पाण्याची रेल्वे सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांचे पाणी साठ टक्क्यांपर्यंत कमी करण्याचा आदेश दिला. तो आदेश न्यायालयाला द्यावा लागला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. सरकारने तो आपणहून दिला नव्हता.

उदगीरला किल्ला आहे आणि १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाला इथे नमवले, हे शाळेच्या पुस्तकात असते, म्हणून तिथे रेंगाळत नाही. माझे लक्ष उदगीरहून देगलूरकडे जाताना ओढ्याकाठी उभ्या असलेल्या शिंदीच्या झाडांकडे जाते. शिंदी म्हणजे रानटी खजूर. जुने, पूर्वी छेदलेले झाड सापडले तर जवळ जाऊन त्याचे खोड बघावे. थंडीच्या दिवसांत शेंड्याखालच्या झावळ्या एका बाजूने उतरवून साल तासतात, खाच पाडतात, तिच्यात पन्हळ बसवून खाली मडके बांधतात. रात्रभर रस ठिबकतो. पहाटे तो गोड असतो, तीच नीरा. ऊन चढेल तसा तो आंबत जातो आणि दुपारपर्यंत त्याची शिंदी होते. पुढल्या वर्षी खाच विरुद्ध बाजूला घेतात, त्यामुळे खोड एकदा इकडे, एकदा तिकडे असे नागमोडी होत वर चढते. त्या खाचा मोजल्या तर झाडाने किती हंगाम रस दिला ते कळते. निजामाचे अबकारी खातेही झाडेच मोजत होते. झाडामागे कर होता, दुकानांची हर्राजी होती आणि बोली जिंकलेला गुत्तेदार होता. झाड शेताच्या बांधावर असो की ओढ्याकाठी, त्यातून काढलेल्या रसावर सरकारचा हक्क. अबकारी हा जमीन महसुलाबरोबर त्या तिजोरीचा मोठा आधार होता.

हा हिशेब निजामाने शोधलेला नव्हता. सतराव्या शतकात गोवळकोंड्याला गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या झां-बाप्तिस्त ताव्हेर्निए याने आपल्या प्रवासवर्णनात भागानगरच्या, म्हणजे हैदराबादच्या, ताडीबद्दल लिहिले आहे. ताजी ताडी कातडी पखालींतून घोड्यांवर लादून रोज शहरात येई, शहरात वीस हजार वेश्यांची नोंद होती, आणि त्यांच्यामुळे ताडी खपते व ताडीवर राजाला मोठा कर मिळतो म्हणूनच त्यांना मुभा आहे, असे त्याचे म्हणणे. वीस हजारांचा आकडा शब्दशः घेण्याचे कारण नाही. परक्या शहरातले आकडे प्रवासी फुगवतातच. पण कराबद्दल जे त्याने पाहिले, ते कुतुबशाहीपासून आसफजाहीपर्यंत दख्खनच्या तिजोरीला नेमके लागू पडते. राज्यकर्त्याला दारूचे व्यसन लागते ते उत्पन्नाच्या वाटेने.

म्हणूनच १९४७ मध्ये या झाडांवर कुऱ्हाड चालली. ७ ऑगस्ट १९४७ ला स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद स्टेट काँग्रेसने अखेरचा लढा पुकारला. १५ ऑगस्टला स्वामीजी अटकेत होते. सीमेपलीकडच्या वऱ्हाडात उमरखेडला आणि मुंबई इलाख्यातल्या सोलापूर-बार्शीच्या बाजूला कार्यकर्त्यांच्या छावण्या उभ्या राहिल्या. तिथून आत शिरून तरुणांनी करोडगिरीची नाकी जाळली, लेव्हीचे धान्य देऊ नका असे गावोगाव सांगितले आणि रातोरात शिंदीची झाडे तोडली. मुक्तिसंग्रामाच्या अनेक पुस्तकांत हे झाडे तोडणे एका ओळीत येते आणि गांधीजींच्या दारूबंदी कार्यक्रमात जमा केले जाते. मला ही मांडणी पटत नाही. कार्यकर्त्यांपैकी पुष्कळांना दारू मनापासून नकोशी होती, हे खरे. रामानंद तीर्थ तर संन्यासी आणि गांधीमार्गी. पण लढ्याची लक्ष्ये शेजारी शेजारी ठेवून बघा : जकातनाके, लेव्ही, शिंदीची झाडे, आणि ३० जानेवारी १९४८ ला उमरीला हैदराबाद स्टेट बँकेच्या शाखेची लूट. ही चारही ठिकाणे तिजोरीची आहेत. दारू सोडवणे हाच हेतू असता तर पिणाऱ्यांच्या दारात धरणे धरले असते, जसे इतर प्रांतांत दुकानांपुढे निरोधन झाले. इथे झाड तोडले, कारण झाडावर कर होता. शेतकऱ्याने स्वतःच्या बांधावरचे झाड तोडणे हा त्या राजवटीत सरकारी महसुलावरचा घाला ठरत होता, आणि तो तसाच ठरावा अशी तोडणाऱ्यांची इच्छा होती.

पुढचा पुरावा याहून बोलका आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झाले. दारूबंदी हा लढ्याचा गाभा असता, तर नव्या राजवटीने पहिल्या वर्षीच गुत्ते बंद केले असते. तसे झाले नाही. १३१६ फसलीचा कायदा चालू राहिला, हर्राजी चालू राहिली, झाडावरचा कर चालू राहिला. ज्या तिजोरीवर कुऱ्हाड चालवली ती आपली झाली, तेव्हा कुऱ्हाड ठेवून दिली गेली. मी हे दूषण म्हणून सांगत नाही; शाळा, दवाखाने, रस्ते काहीच नसलेल्या प्रदेशाला पैसा हवा होता. पण मग त्या लढ्याला दारूबंदीची चळवळ म्हणू नये. तो करबंदीचा लढा होता, आणि तसा म्हटल्याने त्याचे मोल कमी होत नाही.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. झाडे तुटली तेव्हा निजामाबरोबर कलालांचेही पोट तुटले. शिंदी उतरवणे हे जोखमीचे, पिढीजात कसब. गुत्तेदार हर्राजीत कमावत होता, पण खोडावर दोर बांधून चढणारा माणूस हातावर पोट असणाराच होता. त्याच्या बाजूने मुक्तिसंग्रामाचा इतिहास फारसा लिहिला गेला नाही, आणि ही उणीव मान्य करायला हवी. पुढे तेलंगणात उतरवणाऱ्यांच्या सहकारी संस्था झाल्या आणि दुकाने त्यांच्याकडे आली. निदान कष्ट करणाऱ्याला व्यवहारात वाटा मिळाला. मराठवाड्यात बंदी आली आणि मग मळीची देशी आली. झाडाचा, माणसाचा आणि गावाचा संबंधच संपला. शिंदी चांगली होती असे माझे म्हणणे नाही. सीमेपलीकडे आजही क्लोरल हायड्रेटसारखी रसायने मिसळलेली शिंदी पकडली जाते आणि ती प्राणघातक आहे. मात्र शिंदीची जागा घेणाऱ्या बाटलीत गावातल्या कोणाचाच वाटा उरला नाही, हेही तितकेच खरे.

देगलूर-बिलोलीच्या पट्ट्यात हा कायदा नकाशावर वाचता येतो. १९५६ पर्यंत उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यात होते आणि मुधोळ नांदेडमध्ये. राज्य पुनर्रचनेत देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे आंध्र प्रदेशात गेली. एकाच बाजाराची, एकाच सोयरिकीची गावे तीन राज्यांत वाटली गेली. आज उदगीरहून बिदरला गेले की १ जुलै २००७ पासून साराईवर, म्हणजे स्वस्त देशी दारूवर, बंदी असलेले कर्नाटक लागते, मांजरा ओलांडली की शिंदीची दुकाने उघडपणे चालणारे तेलंगण, आणि या बाजूला परवान्याचा महाराष्ट्र. नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावच्या बायकांनी १९९२ मध्ये सुरू केलेल्या आंदोलनातून आंध्रात आधी ‘सारा’ ही देशी दारू बंद झाली, १९९५ ला संपूर्ण दारूबंदी आली आणि १९९७ ला तीही महसुलाच्या कारणाने उठली. या पट्ट्यातल्या माणसाला कायदा म्हणजे नदीच्या कोणत्या काठावर आपण उभे आहोत, एवढाच प्रश्न वाटू लागला तर त्याचा दोष काय?

नांदेड शहर गुरुद्वाऱ्याचे. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांचे देहावसान इथेच झाले, आणि देशभरातून येणारा यात्रेकरू व्यसनापासून दूर राहण्याचा धर्माचा दंडक पाळतच येतो. इथे मुक्काम करणाऱ्याने धर्मस्थळाभोवतालचे नियम बारकाईने पाळावेत, एवढे सांगून पुढे जातो, कारण जिल्ह्याचा खरा प्रश्न दक्षिणेकडच्या मुखेड-कंधारच्या माळरानावर आहे. गावातले दारूचे दुकान बंद करण्यासाठी महाराष्ट्रात २००८ च्या आदेशानुसार बायकांचे मतदान घेता येते. मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी. पंचवीस टक्के महिला मतदारांनी अर्ज केला की मतदान लागते. आडव्या बाटलीला एकूण नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्यांहून अधिक मते पडली तरच दुकान बंद होते. झालेल्या मतदानाच्या नव्हे, एकूण मतदारांच्या. जी बाई त्या दिवशी आली नाही, आजारी होती, माहेरी होती किंवा मरण पावूनही यादीत राहिली, तिचे मत आपोआप दुकानाच्या बाजूने जमा होते. आमदार, खासदार, सरपंच निवडताना आपण असा नियम कधी लावत नाही.

आता मुखेड-कंधारच्या बायका हिवाळ्यात कुठे असतात ते बघावे. दिवाळी झाली की या तालुक्यांतली कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. कोयता घेऊन बाई फडात उभी असते, मोळ्या बांधते, रात्री गाडी भरते. तो ऊस कारखान्यात जातो, त्याची मळी होते, मळीचे स्पिरिट होते, आणि त्याच्या बाटल्या तिच्याच गावच्या दुकानात येतात. तिच्या गैरहजेरीत मतदान झाले तर तिची गैरहजेरी त्या दुकानाला वाचवते. नवऱ्याच्या उचलीचा किती हिस्सा त्या दुकानात जातो हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असेल? तरी तिचा ‘नको’ मोजला जात नाही.

यावर नेहमीचे उत्तर असे की दुकान बंद केले तर हातभट्टी वाढते, माणसे विषारी दारूने मरतात आणि सरकारचा महसूल बुडतो. हातभट्टीची भीती खोटी नाही. वर्ध्यासारख्या दारूबंदीच्या जिल्ह्यात चोरटी दारू पोहोचते हे सगळे जाणतात, आणि चंद्रपूरची २०१५ ची बंदी २०२१ मध्ये उठवताना सरकारने अवैध विक्रीचेच कारण दिले. पण जिल्ह्यावर मुंबईहून लादलेली बंदी आणि गावाने स्वतः मत देऊन घेतलेली बंदी या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. पहिली पोलिसांच्या भरवशावर चालते. दुसरीमागे भट्टी कुठे लागली हे त्याच दिवशी ओळखणाऱ्या बायका असतात. महसुलाच्या आक्षेपाला तर या मुलखाने १९४७ मध्येच उत्तर दिले आहे. ज्या महसुलासाठी गावाची इच्छा डावलावी लागते, तो सोडून देण्याची तयारी सरकारने ठेवावी.

भोकर, हिमायतनगर मागे टाकून किनवटच्या सागवानी रानात शिरले की दारूचा वेगळाच अर्थ समोर येतो. किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते. इथे गोंड, कोलाम, प्रधान आणि आंध राहतात. ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ याने १९४० च्या दशकात शेजारच्या मारलवाईत राहून राजगोंडांचा अभ्यास केला. गोंडांच्या पेनपूजेत, म्हणजे देवपूजेत, मोहाच्या दारूचे थेंब देवापुढे आणि पूर्वजांच्या नावाने वाहिले जातात. तिथे ती पेयाच्या आधी नैवेद्य असते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुले गळतात. आदल्या दिवशी झाडाखालचा पाचोळा झाडून जमीन स्वच्छ केलेली असते, आणि उजाडायच्या आत बायका-पोरे टोपल्या भरतात. रसदार, पिवळसर फूल उन्हात वाळून मनुक्यासारखे होते. १८९२ मध्ये मुंबई इलाख्यात ब्रिटिशांनी या फुलांवरच कायदा केला, तो ठाणे-कुलाब्याच्या आदिवासींना फूल गोळा करण्यापासूनच रोखणारा होता. आपल्या सरकारने फुले गोळा करण्यावरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध २०२१ मध्ये उठवले. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडने आदिवासींना घरच्या वापरापुरती मोहाची दारू गाळू दिली आहे. महाराष्ट्राने अजून तेवढे केलेले नाही. ज्यांना घरगुती दारूचा दुरुपयोग होईल अशी चिंता वाटते, त्यांनी हेही सांगावे की गावच्या सरकारमान्य दुकानातल्या बाटलीने काय कमी दुरुपयोग होतो.

माहूरच्या गडावर रेणुकेला तांबूल वाहतात, दारूचा तिथे प्रश्न नाही. प्रश्न गडाच्या पायथ्याशी, पैनगंगेच्या अलीकडच्या गावांचा आहे. किनवट तालुक्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, आणि १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रात दारूबंदी करण्याचा किंवा विक्री-सेवनाचे नियमन करण्याचा अधिकार ग्रामसभेला आणि योग्य स्तरावरच्या पंचायतीला दिला आहे. म्हणजे एकाच नांदेड जिल्ह्यात किनवटच्या ग्रामसभेला कायदा जो अधिकार देतो, तो मुखेडच्या बायकांना निम्म्या मतदारयादीची भिंत ओलांडल्याशिवाय मिळत नाही. ही भिंत विधानसभेच्या कायद्यात नाही, आदेशात आहे, आणि आदेश बदलायला मंत्रालयातली एक अधिसूचना पुरते : मोजणी झालेल्या मतांची धरावी, आणि ज्या तालुक्यांतून ऊसतोडीला माणसे जातात तिथे मतदानाची तारीख कोयते परतल्यावरचीच द्यावी.